शनिवारच्या शाळेची शिंगं

काकांना फोन केला की दर वेळी वाटायचं, लाइन कटली. आपण बोलून थांबावं आणि पलीकडे नुसती शांतता. "हॅलो, काका? ऐकू येतंय ना?" असं दोनदा ओरडल्यावर पलीकडून सावकाश उत्तर यायचं, "येतंय की. तुमचं संपलं का ते बघत होतो." समोरच्याचं बोलून झालं की लगेच तोंड उघडायचं नाही, थोडं थांबायचं, त्याचं काही सांगायचं राहिलं असेल तर त्याला आठवायला वेळ द्यायचा, असा त्यांचा नियम होता. मी पुण्याचा. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत माझ्याकडे उत्तर तयार असतं, आणि बऱ्याचदा त्याचं वाक्यही मीच संपवून देतो. त्यामुळे आमच्या दोघांच्या संभाषणात बोलणं सगळं माझं असायचं आणि शांतता सगळी त्यांची.

इथे सिंगापुरात खाण्यापिण्याच्या स्टॉलांचं जे हॉकर सेंटर असतं, तिथे तर त्यांच्याबरोबर जायची मला धास्तीच वाटायची. कॉफीला इथे कोपी म्हणतात आणि चहाला तेह. कोपीच्या स्टॉलवरची आंटी विचारायची, "अंकल, कोपी ऑर तेह?" काका हसऱ्या चेहऱ्याने तिच्याकडे बघत उभे. आंटी म्हणायची, "अंकल, थिंक सो लाँग फॉर व्हॉट? बिहाइंड गॉट पीपल लाह!" तरी काका थांबायचे, कारण आता ती आणखी काहीतरी बोलली होती. मी तेवढ्यात शेजारच्या नूडल्सच्या स्टॉलवरची पाटी वाचायला लागायचो, म्हणजे हा माणूस माझ्याबरोबर नाही असं रांगेतल्यांना वाटावं. गंमत म्हणजे पुढे पुढे ती आंटी त्यांच्याशीच गप्पा मारायला लागली. मी एवढी वर्षं तिच्याकडे कोपी पितोय, मला तिने कधी साधं नाव विचारलं नाही.

हा थांबायचा नियम काकांनी आणला होता उत्तर अमेरिकेतल्या इरोक्वॉय लोकांकडून. तरुणपणी काका बोटीवर इंजिनिअर होते. एका हिवाळ्यात त्यांची बोट कॅनडातल्या नदीच्या बंदरात दुरुस्तीसाठी अडकून पडली. तिथे वेल्डिंगच्या कामावर इरोक्वॉयांतल्या मोहॉक लोकांपैकी एकजण होता, तो यांना आपल्या घरी जेवायला घेऊन गेला. एकदा गेले ते बर्फ वितळेपर्यंत जातच राहिले. बाकीचे बोटवाले परदेशातून सेंटच्या बाटल्या आणायचे, काका राज्यघटना घेऊन आले.

ती राज्यघटना आम्ही सगळ्यांनी इतक्या वेळा ऐकली होती की आमच्या शनिवारच्या मराठी शाळेतल्या मुलांनाही पाठ होती. पाच राष्ट्रं होती, एकमेकांच्या जिवावर उठलेली. एका शांतिदूताने त्यांना एकत्र बसवलं, एका मोठ्या पाइन वृक्षाखाली सगळी हत्यारं पुरली आणि सगळ्यांची मिळून एक सभा केली. नंतर सहावं राष्ट्र येऊन मिळालं. गोरे वसाहतवाले या सभांना येऊन बसायचे. तुम्हीही आमच्यासारखे एक व्हा, हे त्यांना एका इरोक्वॉय म्हाताऱ्यानेच सांगितलं. पुढे त्या गोऱ्यांनी अमेरिका नावाचा देश काढला. मी शहाणपणाने विचारायचो, "काका, पण अमेरिकेच्या लोकशाहीत यांचा वाटा नक्की किती? इतिहासवाल्यांचं यावर एकमत नाही म्हणे." मग ती ठरलेली शांतता, आणि मग, "नाहीच आहे. भांडू देत त्यांना. कोणी म्हणतं पुष्कळ, कोणी म्हणतं नावापुरता. माझं एवढंच म्हणणं आहे, की गोऱ्यांनी घेतलं असेल तर एकीचं घेतलं आणि बायकांचं तिथेच ठेवून आले."

बायकांचं म्हणजे असं, की इरोक्वॉय लोकांत प्रमुख नेमायच्या त्या कुळातल्या वडीलधाऱ्या बायका. आणि प्रमुख बिघडला तर तीनदा समज देऊन त्याला काढायच्याही त्याच. हे ऐकलं की आमच्या शाळेतल्या बायका माना डोलवायच्या आणि पुरुष घड्याळ बघायचे.

आता शाळेचं सांगतो. सेंगकांग आणि पासिर रिस या सिंगापूरच्या दोन उपनगरांतल्या आम्ही काही मराठी घरांनी मुलांसाठी शनिवारची मराठी शाळा काढली होती. मुलं आठवडाभर इंग्रजीत असतात. माझी मुलगी ईरा पुण्याच्या आजीशी फोनवर "आजी, हाऊ आर यू" एवढंच बोलायची आणि फोन माझ्या हातात द्यायची. शाळेत जायला लागल्यावर ती आजीला कोडी घालायला लागली, आजी हरली की खदाखदा हसायला लागली. म्हणून ही शाळा टिकणं मला फार गरजेचं होतं. एक शनिवार आमच्या सेंगकांगच्या ब्लॉकखालच्या खोलीत, एक शनिवार पासिर रिसच्या, असं चालायचं. आणि जिथे मराठी माणसांची दोन ठिकाणं असतात तिथे जे होतं तेच आमचंही व्हायला लागलं. पासिर रिसवाले म्हणायचे सेंगकांगवाले उशिरा येतात, सेंगकांगवाले म्हणायचे पासिर रिसवाल्यांची खोली कोंदट आहे. दोन्ही खरं होतं.

काका नात्याने आमचे कोणी नव्हते. ते पासिर रिसला राहायचे आणि नोकरीला तुआसच्या शिपयार्डात. म्हणजे मेट्रोच्या हिरव्या लाइनच्या एका टोकाला चढायचं आणि दुसऱ्या टोकाला उतरायचं. "मला रोज बसायला मिळतं, एवढं भाग्य मंत्र्याला नाही," असं म्हणायचे. त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं, लग्नच केलं नव्हतं. पण त्यांच्या खालच्या मजल्यावर राहणारे साठे, आमच्या शाळेचे पासिर रिसकडचे खांब, त्यांना एका शनिवारी घेऊन आले आणि काका शाळेचेच झाले. आमच्यातली धुसफूस पाहून त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं, "मतदान करू नका. मतं मोजली की कोणीतरी हरतो, आणि आपल्याकडे हरलेला माणूस घरी जाऊन वेगळं मंडळ काढतो. सगळ्यांना पटेपर्यंत बोला."

सगळ्यांना पटेपर्यंत बोलायचं म्हणजे काय, ते मला लवकरच कळलं. बैठकीच्या सुरुवातीला काका आभार मानायचे. जमिनीचे, पाण्याचे, माशांचे, झाडांचे, पाखरांचे. सिंगापुरात आल्यावर यादीत त्यांनी मैना आणि पासिर रिसच्या खाडीतली पाणमांजरंही घातली होती. मग प्रत्येक गोष्टीत सातव्या पिढीचा प्रश्न. दिवाळीत मुलांना बटाटेवडे द्यायचे की कटलेट, यावरही काका विचारायचे, सातव्या पिढीला हे चालेल का? मी एकदा म्हणालो, "काका, माझा स्वतःचा इथे राहायचा पास दोन वर्षांनी संपतोय, सातवी पिढी कुठल्या पासवर येणार आहे?" सगळे हसले. काका थांबले. माझं काही राहिलं नाही ना याची खात्री करून म्हणाले, "म्हणूनच विचारायचं. ज्याचं घर पक्कं नाही त्याने तर नक्की विचारायचं."

एकदा त्यांनी दुःखाचा विधी सांगितला होता. सभेतल्या एका बाजूला कोणी गेलं असेल तर त्या बाजूच्या माणसांनी निर्णय घ्यायचा नाही. पलीकडच्या बाजूने त्यांच्याकडे जायचं. आधी त्यांचे डोळे पुसायचे, कारण रडणाऱ्याला दिसत नाही. मग कान मोकळे करायचे, कारण त्याला ऐकू येत नाही. मग पाणी देऊन घसा मोकळा करायचा, कारण त्याला बोलता येत नाही. एवढं झाल्यावरच कामाचं बोलायचं. मी लॅपटॉप उघडून बसलो होतो. मी विचारलं, "काका, हे अजेंड्यात कुठल्या नंबरवर टाकू?"

म्हणजे मी तेव्हा अध्यक्ष होतो. बायकांनी मला नेमलं होतं. माझ्या अंगचे गुण बायकांना बरोबर दिसले, अशी माझी समजूत होती. फार नंतर बायकोने सांगितलं, "तुझ्याकडे प्रोजेक्टर होता." इरोक्वॉय प्रमुखाच्या डोक्यावर पदाची खूण म्हणून हरणाची शिंगं असत. सिंगापुरात हरण कुठलं? काकांनी नाताळानंतरच्या सेलमधून हेअरबँडवर बसवलेली तपकिरी कापडी शिंगं आणली. त्यांना दोन घुंगरंही होती. भर बैठकीत अनघाताईंनी ती माझ्या डोक्यावर चढवली. अनघाताई शाळेत मुलांना गाणी शिकवायच्या, आमच्याच ब्लॉकमध्ये वरच्या मजल्यावर राहायच्या. मी मान हलवली की घुंगरं वाजायची, आणि अध्यक्षाला मान फार हलवावी लागते. माझा तो फोटो मी आईला पाठवला. आईचं उत्तर आलं, "छान. ताप बरा झाला का?"

शिंगं चढली आणि माझं बोलणं वाढलं. मी दर शनिवारी मुलांपुढे प्रास्ताविक करायला लागलो. मुलांना आधीच बसायचा कंटाळा, त्यात मी त्यांना मातृभाषेचं महत्त्व इंग्रजी स्लाइडवर दाखवायचो. आणि मग एके दिवशी मला वाटलं, सगळ्यांना पटेपर्यंत थांबत बसलो तर माझा पास संपेल. मी ग्रुपवर जाहीर करून टाकलं, की पुढच्या महिन्यापासून शाळा कायमची सेंगकांगला भरेल. मुलं आमची जास्त होती. मतदान झालं असतं तर मी सहज जिंकलो असतो, मग न करताच जिंकलो तर काय बिघडलं?

त्यानंतर एका संध्याकाळी अनघाताई आणि दोघीजणी घरी आल्या. चहा घेतला आणि अनघाताई म्हणाल्या, "जरा कमी बोलत जा. आणि कुणाला न विचारता ठरवत जाऊ नका." मला वाटलं, शनिवारी माझा आवाज बसला होता म्हणून काळजीने आल्या. मी दुसऱ्या दिवशी मधाच्या गोळ्या आणल्या. आठवड्याभराने त्या लिफ्टमध्ये भेटल्या आणि म्हणाल्या, "आमचं ऐकलंत ना?" मी म्हटलं, अगदी, आणि घरी जाऊन ग्रुपवर थोडक्यात बोलण्याचे फायदे या विषयावर असा मोठा मेसेज टाकला, की तो वाचायला सगळ्यांना 'रीड मोअर' दाबावं लागलं. तिसऱ्या वेळी बायको पोहे वाढता वाढता म्हणाली, "ही तिसरी समज आहे. घरचा म्हणून तुला चौथी मिळणार नाही." मी पोह्यांवर लिंबू पिळत होतो. मी म्हणालो, "अगं, कुठली पहिली आणि कुठली दुसरी?"

पुढच्या शनिवारी, शाळा सुटल्यावर, सगळ्या मुलांदेखत अनघाताई आल्या आणि माझ्या डोक्यावरची शिंगं दोन्ही हातांनी अलगद उचलून घेतली. घुंगरं वाजली. ईरा ओरडली, "बाबा, युअर हॉर्न्स गॉन लाह!" मुलांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं हा खेळाचा भाग आहे. मी काकांकडे बघितलं. ते जवळ आले आणि म्हणाले, "यात अपमान काही नाही, अध्यक्ष. शिंगं खुर्चीची असतात." मी म्हणालो, "आता अध्यक्ष कशाला म्हणताय?" काका थांबले. माझं आणखी काही राहिलं असेल म्हणून माझ्याकडे बघत राहिले. माझं पुष्कळ राहिलं होतं, पण मी चपला घातल्या आणि घरी आलो.

आणि घरी येऊन मी काय केलं, तर वेगळं मंडळ काढलं. काकांचं भाकीत इतक्या तंतोतंत खरं करणारा माणूस दुसरा मिळणार नाही. फक्त सेंगकांगची वेगळी शाळा. मी तिचं नाव ठरवलं, बोधचिन्ह काढलं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला. त्यात सदस्य दोन, मी आणि माझा जुना भारतातला नंबर. बायकोने यायला नकार दिला. ईरा म्हणाली, "तिथे अनघा मावशी नसेल तर मी नाही येणार," आणि हे वाक्य तिने संपूर्ण मराठीत म्हटलं, याचा त्याही परिस्थितीत मला आनंद झाला. तरी मी दोन-तीन घरं फोडायच्या मागे लागलो होतो, आणि एक घर फुटतही आलं होतं. ते फुटलं असतं तर ना ही शाळा राहिली असती ना ती. मुलंच तेवढी नव्हती.

काकांचा मला फोन यायचा. मी उचलायचो नाही.

मग एका मंगळवारी सकाळी काका तुआसला पोचले नाहीत. पासिर रिसच्या प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघताना छातीत कळ आली आणि तिथेच सगळं संपलं. नाशिकहून त्यांची बहीण आली. मंडाईच्या स्मशानात मी मागच्या रांगेत उभा होतो. साठे पुढे होते. रोज संध्याकाळी दोघं एकत्र चहा प्यायचे, कित्येक वर्षं. साठ्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते नुसते समोर बघत होते. मला फार वाईट वाटत होतं, आणि त्यातलं निम्मं त्या न उचललेल्या फोनांचं होतं.

काही दिवसांनी साठ्यांचा ग्रुपवर मेसेज आला. शाळा आता बंद करू या. माझ्याच्याने होणार नाही. यावर चर्चा नको.

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता माझीच शाळा उरली. बायकोने मेसेज वाचला आणि माझा चेहराही वाचला. म्हणाली, "काका काय सांगायचे? ज्याच्याकडे दुःख आहे त्याने ठरवायचं नसतं. पलीकडच्यांनी आधी त्याच्याकडे जायचं. पलीकडचे म्हणजे आपण."

"अनघाताई जातील की."

"आम्ही सगळ्या येतोय. पण बोलायचं तू. आयुष्यभर बोलत आलायस, आज उपयोगाचं बोल. शिंगं गेली, पाय आहेत ना?"

सेंगकांगच्या स्टेशनबाहेर एक म्हातारी टिश्यूची पाकिटं विकत बसते. इथे ही पाकिटं लोक हॉकर सेंटरमध्ये टेबल अडवायला वापरतात, मीही वापरतो. त्या दिवशी मी तिच्याकडून एक घेतलं, आणि पासिर रिसला पोचेपर्यंत हातात चुरगाळून त्याचा बोळा केला.

साठ्यांच्या हॉलमध्ये पासिर रिसची सगळी घरं आली होती. मी साठ्यांसमोर स्टूल ओढून बसलो. टिश्यू काढला. तो त्यांच्या हातात द्यायचा की आपणच पुसायचं, हे काकांना विचारायचं राहूनच गेलं होतं. मी हात पुढे केला, आणि गडबडीत तो त्यांच्या कानाकडे नेला.

साठे म्हणाले, "आधी डोळे. मग कान."

"सॉरी."

"अजेंडा लिहायला बसला होतात तुम्ही त्या दिवशी. लक्ष कुठे होतं?" असं म्हणून साठे हसले, आणि हसता हसता त्यांचा चेहरा वाकडा झाला आणि इतक्या दिवसांचं सगळं पाणी एकदम आलं. मी त्यांचे डोळे पुसले. मग दोन्ही कानांवरून टिश्यू फिरवला. मोठ्या माणसाच्या कानाला असा हात लावताना फार संकोच वाटतो. अनघाताईंनी आतून पाणी आणलं, तो पेला मी साठ्यांच्या हातात दिला. ते घोट घोट प्यायले. उरलेलं पाणी त्यांनी मलाच दिलं, कारण आता बोलायचं मला होतं.

मग मी बोललो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण. म्हटलं, "शाळा बंद करू नका. हवं तर दर शनिवारी इथेच भरवा, पासिर रिसलाच. आम्ही येऊ, वेळेवर येऊ. मी वेगळी शाळा काढत होतो, ती मी आज बंद केली." बंद काय करायचं होतं म्हणा, त्यातला एक सदस्य मी होतो आणि दुसऱ्या नंबरला रेंज नव्हती.

कोणी उत्तर दिलं नाही. एरवी मी ती शांतता भरून काढली असती, माझ्याकडे भरायला पुष्कळ असतं. मी बसून राहिलो. साठ्यांनी पेला खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं, माझं काही राहिलं नाही ना याची खात्री केली.

मग म्हणाले, "दर शनिवारी नको. एक तुमच्याकडे, एक आमच्याकडे. होतं तसंच."

सगळ्यांनी माना हलवल्या. एकही मत मोजावं लागलं नाही. शिंगं त्या दिवशी अनघाताईंच्या डोक्यावर चढली आणि अजून तिथेच आहेत. येत्या शनिवारी शाळा सेंगकांगला आहे आणि प्रास्ताविक नाही. ईराने आजीसाठी नवं कोडं तयार ठेवलंय.

त्या दिवशी सगळं ठरलं, चहा झाला, आणखी काही बोलायचं उरलं नव्हतं. तरी कोणी उठलं नाही. सेंगकांगवाले आणि पासिर रिसवाले, आम्ही सगळे कितीतरी वेळ तसेच गप्प बसून राहिलो. न जाणो, काकांचं काही सांगायचं राहिलं असेल.